गेमप्ले पकाऊ, पण स्टोरी सॉल्लिड!

मित्रांमध्ये गेमचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले. ‘ग्राफिक्स कसे आहेत?’ ‘कंट्रोल्स स्मूद आहेत का?’ गोष्ट कशी आहे, हे विचारणारा विरळाच. मी त्या विरळांतली एक. गाडी धड वळत नाही, नेम लागत नाही, कॅमेरा भलतीकडेच बघत बसतो, असे गेमही मी शेवटपर्यंत खेळते. कारण एकच. पुढे काय झालं ते कळल्याशिवाय झोप लागत नाही!

नाटकाला जाता ना? सेटवरचा दरवाजा लावताना अख्खी भिंत हलते, हे पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. म्हणून कुणी उठून जातं का? प्रवेश रंगला की भिंतीकडे बघतंय कोण? गेमचंही अगदी तसंच आहे.

ती डोकेदुखी रेस

उदाहरण घ्या २००२ च्या ‘माफिया’चं. चेक प्रजासत्ताकातल्या ‘इल्युजन सॉफ्टवर्क्स’ने केलेला हा गेम. लॉस्ट हेवन नावाचं काल्पनिक अमेरिकन शहर, साल १९३०. टॉमी अँजेलो या साध्या टॅक्सीवाल्यावर दोन गुंड बंदूक रोखतात, ‘गाडी पळव’ म्हणतात आणि त्याचं आयुष्यच बदलतं.

गोष्ट झकास. पण मध्येच एक कार रेस येते. ती जिंकल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. वळणावर जरा वेग जास्त झाला, की गाडी गेलीच! या रेसच्या नावानं जगभरच्या गेमर्सनी बोटं मोडली. २०२० मध्ये रीमेक आला तेव्हाही रेस होतीच, पण डिफिकल्टी निवडायची सोय तरी मिळाली.

त्यात सिग्नल तोडला किंवा वेगमर्यादा ओलांडली, की पोलीस मागे. घ्या! रस्त्यावर पाळत नाही ते नियम गेममध्ये पाळायचे. पण गंमत अशी, की त्या मठ्ठ गाड्या दोन-चार तास हाकल्या की तो काळ अंगात भिनतो. टॉमी आपला माणूस होतो. शेवट सांगत नाही. एवढंच सांगते, २०१० च्या ‘माफिया २’मध्ये एका घरासमोर गाडी थांबते आणि पहिला भाग खेळलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

लढता कशाला? बोला की!

‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ तर १९९९ चा. नायक शवागारात जागा होतो. नाव आठवत नाही आणि मरण येत नाही. मारामारी विचाराल तर नुसता गोंधळ. कोण कुणाला मारतंय, पत्ता नाही. पण गेममधला मजकूर सुमारे ८ लाख शब्दांचा! बोलणारी कवटी नायकाची सोबतीण... सॉरी, सोबती आहे. मॉर्ट त्याचं नाव. नायकाची बुद्धी आणि शहाणपण पुरेसं वाढवलं, तर शेवटच्या शत्रूलाही नुसत्या बोलण्यानं नमवता येतं. आहे की नाही भारी?

‘यूट्यूबवर बघून टाक ना!’

हा सल्ला हमखास मिळतो. गोष्टच हवी तर कुणीतरी खेळलेलं बघायचं, बोटं कशाला दुखवायची? मुद्दा रास्त आहे. माझं उत्तर आहे ‘स्पेक ऑप्स: द लाइन’, साल २०१२.

वाळूच्या वादळांनी गाडलेलं दुबई, कॅप्टन वॉकर आणि त्याचे दोन साथीदार. आडोसा घ्या, गोळ्या झाडा, पुढच्या आडोशाला पळा. तेच ते, तेच ते. पण एका जागी व्हाइट फॉस्फरसचा मारा करावा लागतो. मग धूर विरतो आणि आपण नक्की कुणाला जाळलं ते दिसतं. यूट्यूबवर हे बघताना आपण म्हणतो, ‘वॉकरनं काय केलं हे!’ कंट्रोलर हातात असला की वाक्य बदलतं. ‘मी काय केलं हे!’ पकाऊ गेमप्ले सहन करायचा तो या एका शब्दासाठी. २०२४ मध्ये हा गेम ऑनलाइन स्टोअर्समधून काढला गेला, याचं म्हणूनच वाईट वाटतं.

अर्थात सगळंच माफ नाही. सेव्ह केलेला गेम उडाला किंवा दर दहा मिनिटांनी क्रॅश झाला, तर कितीही थोर गोष्ट असो, राम राम! शेवटी आपल्याकडे असतोच किती वेळ? दिवसभर ऑफिसात टार्गेट, प्रवासात धक्के. रात्रीचा जो एक तास आपला, त्यातही ‘पुन्हा प्रयत्न करा’ कोण ऐकून घेणार?

माझे तीन फंडे

● ‘ईझी’ मोड लावा. बिनधास्त! गोष्ट ऐकायला आलोय, परीक्षेला नाही.

● तीन तास द्या. तेवढ्यात एकाही पात्राची काळजी वाटली नाही, तर सरळ डिलीट.

● जुनं शोधा. नवा गेम खिशाला जड जातो, जुने सेलमध्ये स्वस्तात मिळतात. ‘प्लेनस्केप’ची २०१७ ची सुधारित आवृत्ती तर फोनसाठीही निघाली.

आणि कुणी विचारलंच, ‘एवढा रडका गेम कशाला खेळतेस?’, तर त्याला टॉमीची गोष्ट सांगायला सुरुवात करा. रेसपर्यंत आलात की थांबा. पुढचं तो स्वतःच विचारेल!