दिल्ली दरबारांतील नाशिककर वकील

नाशिकहून सातपूरवरून त्र्यंबकेश्वरीं जाणारा यात्रेकरू उपाध्यायाला आपलें नांव, गांव सांगतो. उपाध्याय नामावळी उघडून त्याच्या पूर्वजांचीं नांवें वाचून दाखवितो आणि दोन अनोळखी माणसें क्षणांत ओळखीचीं होतात. राज्याराज्यांमध्यें हें ओळखीचें काम वकिलात करते. मराठी राज्याच्या एका प्रसिद्ध वकिलातीचा उगम नाशिकच्या अशाच उपाध्याय घराण्यांत झाला.

नाशिकचे क्षेत्रोपाध्याय महादेवभट हिंगणे १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर दिल्लीस होते. त्या वेळीं स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा मिळाल्या आणि महाराणी येसूबाईंची सुटका झाली. परंतु सनद मिळाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. तिचा अंमल नित्य बोलणीं करून टिकवावा लागतो. म्हणून महादेवभटांकडे दिल्लीची वकिली आली. पुढें बापूजी, दामोदर व पुरुषोत्तम या त्यांच्या पुत्रांनीं ती चालविली.

वकिलानें करावयाचें तें काय? आपल्या राज्याची बाजू मांडणें, परमुलखांतील आपल्या माणसांचें हित पाहणें, वाटाघाटी करणें, तेथील खरी हकीकत कळविणें आणि स्नेह वाढविणें. १९६१ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय करारांतहि दूतावासाचीं मुख्य कामें म्हणून हींच पांच सांगितलीं आहेत. स्नेहाचें फळ कसें असतें, हें १७३५ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं राजपुतान्यांत मराठी व बादशाही फौजा एकमेकींसमोर उभ्या होत्या. तरीहि बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेस गेल्या आणि उदयपूर व जयपूरच्या राजांनीं त्यांचा आदरसत्कार केला.

परंतु या कथेला दुसरी बाजूहि आहे. १७५२ सालीं बादशहाच्या रक्षणाचा करार झाला आणि दिल्लीचा कारभार मराठ्यांच्या अगदीं दाराशीं आला. त्याच सुमारास दिल्लींत हिंगणे आणि सरदार अंताजी माणकेश्वर यांच्यांत वितुष्ट आलें. दोघेहि एकमेकांविरुद्ध पुण्यास लिहीत. शेंकडों कोस दूर बसलेल्या पेशव्यांनीं कोणाचें खरें मानावें? दूताच्या बातमींत स्वतःचा हेवा मिसळला, कीं राज्याची दृष्टि गढूळ होते.

१७६१ सालीं पानिपतावर मराठे एकटे पडले. राजपूत राजे अलिप्त राहिले, सुरजमल जाट आधींच परतला होता आणि शुजाउद्दौला अब्दालीस मिळाला होता. हा दोष एकट्या वकिलांचा नव्हे. खंडणीचा तगादा आणि जयपूरच्या गादीच्या तंट्यांत घातलेला हात यांनीं शेजाऱ्यांचीं मनें आधींच दुखावलीं होतीं. राज्याच्या वागणुकीनें झालेली जखम वकिलाच्या गोड शब्दांनीं भरून येत नाहीं.

हिंगण्यांचें दफ्तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानें प्रसिद्ध केलें आहे. आजच्या राष्ट्रांनाहि त्यांतून घेण्याजोगा धडा साधा आहे. नामावळींतील नोंद एकदां खोटी निघाली, तर यात्रेकरू पुन्हां त्या दारीं येत नाहीं. शेजारी राष्ट्राचेंहि तसेंच असतें.