झबल्यातले गुरुजी

टोरोंटोमधल्या एखाद्या सार्वजनिक शाळेतला पहिलीचा वर्ग. बाकं भिंतीकडे सरकवून मधल्या जागेत एक हिरवं ब्लँकेट अंथरलेलं. त्याच्या कडेनं मुलं मांडी घालून बसलेली. दार उघडतं, शेजारच्याच वस्तीतली एक आई आपलं तान्हं बाळ घेऊन आत येते आणि सगळा वर्ग स्वागताचं गाणं म्हणू लागतो. आई मुलांच्या कडेकडेनं फिरते, प्रत्येकासमोर थांबते. कुणी बाळाच्या पावलाला हळूच बोट लावतं, कुणी नुसतं टक लावून बघतं. मग बाळ ब्लँकेटवर येतं. त्याच्या अंगातल्या झबल्यावर 'टीचर' असं छापलेलं असतं. पुढचा अर्धाएक तास वर्गाचे गुरुजी तेच.

'रूट्स ऑफ एम्पथी' नावाच्या संस्थेचा हा तास आहे. १९९६ मध्ये टोरोंटोतल्या मोजक्या बालवर्गांपासून हे काम सुरू झालं. आज ते कॅनडाभर चालतं, आणि न्यूझीलंड, आयर्लंड, स्कॉटलंड, जर्मनी अशा देशांतही पोचलं आहे. आतापर्यंत दहा लाखांहून जास्त मुलं अशा हिरव्या ब्लँकेटभोवती बसली आहेत. मुलांनी एकमेकांशी मायेनं वागावं, एवढाच या खटाटोपाचा हेतू. पण इथे मायेवर भाषण होत नाही, सुविचार फळ्यावर लिहिला जात नाही, शहाण्यासारखं वागल्याबद्दल चांदणीही मिळत नाही. या मंडळींनी दया शिकवायची वेगळी वाट धरली आहे. ती वाट नीट समजून घ्यावी अशी आहे, कारण तिला लागणारं सगळं साहित्य प्रत्येक वस्तीत आधीपासूनच असतं.

संस्थेच्या संस्थापक मेरी गॉर्डन मूळच्या न्यूफाउंडलंडच्या. टोरोंटोत त्या बालवर्गाच्या शिक्षिका होत्या. शाळेच्या पहिल्याच दिवशी त्यांना एक गोष्ट दिसायची: काही मुलं उमेदीनं आत यायची, आणि काही पाच वर्षांच्या वयातच दबलेली, बुजलेली किंवा चिडलेली असायची. म्हणजे शाळा सुरू होण्याआधीच घरात बरंच काही घडून गेलेलं असायचं. म्हणून १९८१ मध्ये त्यांनी शाळांच्या इमारतीतच लहान मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यासाठी केंद्रं सुरू केली. तिथे आईबाबांनी मुलांसोबत बसायचं, खेळायचं, पुस्तकं बघायची. त्या कामात त्यांनी मारझोड सोसणारी घरं जवळून पाहिली. लहानपणी ज्यांनी मार खाल्ला, ज्यांच्या रडण्याकडे कुणी पाहिलं नाही, त्यांतले काही जण पुढे स्वतःच्या लेकरांशी तसंच वागत होते. ही माणसं जात्या दुष्ट नव्हती. समोरच्याला काय वाटतंय हे ओळखायला त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. हा फेरा तोडायचा तर ती ओळख लहान वयातच व्हायला हवी, आणि ती सर्वांना व्हायला हवी. 'बिघडलेली' म्हणून बाजूला काढलेल्या चार मुलांनाच नव्हे. या विचारातून बाळ वर्गात आलं.

बाळच का? कारण बाळाला काही लपवता येत नाही. भूक, भीती, झोप, आनंद, कंटाळा हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर, मुठींत, पायांच्या हालचालीत उमटतं. मोठी माणसं हसऱ्या चेहऱ्याआड राग दाबतात, पाच वर्षांच्या मुलाला तो वाचता येत नाही. बाळाचा चेहरा मात्र त्याला वाचता येतो. शिवाय बाळाला शब्द नाहीत. त्यामुळे 'त्याला काय होत असेल?' हा प्रश्न मुलांना स्वतःच सोडवावा लागतो. उत्तर शोधायला पुस्तक नसतं, निरखून पाहावं लागतं. दुसऱ्याकडे असं निरखून पाहणं ही दयेची पहिली पायरी आहे. ती चढल्याशिवाय 'मदत करा' या उपदेशाला अर्थ येत नाही, कारण मदतीची गरज आहे हेच दिसलेलं नसतं.

कॅनडातलं शाळेचं वर्ष साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतं. त्या वेळी बाळ दोन ते चार महिन्यांचं असावं, असा नियम आहे. जूनपर्यंत तेच बाळ मान धरतं, पालथं पडतं, बसतं, रांगू लागतं, कधी धरून उभंही राहतं. वर्षभरात बाळाच्या नऊ भेटी होतात, सुमारे तीन आठवड्यांना एक. प्रत्येक भेटीच्या आधी एक आणि नंतर एक तास असतो. असे मिळून २७ तास. नऊ भेटींना नऊ विषय आहेत: बाळाची ओळख, रडणं, काळजी आणि तयारी, भावना, झोप, सुरक्षितता, संवाद, मी कोण, आणि शेवटी निरोप. बालवर्गापासून आठवीपर्यंत चार वयोगट केलेले आहेत आणि प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा. विषय तेच, प्रश्न मात्र वयाप्रमाणे खोल जातात.

रडण्याच्या विषयावरून हे काम कसं चालतं ते कळतं. आधीच्या तासाला मुलं बाळं का रडतात याचा अंदाज बांधतात: भूक, ओलं दुपटं, पोटदुखी, नको असलेला आवाज. भेटीच्या दिवशी मुलं आईलाच विचारतात, की बाळ रडलं तर तुम्ही काय करता, काहीच उपाय चालला नाही तर तुम्हाला काय वाटतं. थकलेल्या, कधी रडकुंडीला येणाऱ्या आईचं उत्तर मुलं पहिल्यांदाच ऐकतात. न रडणारं बाळ ते शहाणं आणि रडणारं ते वाईट, ही मोठ्यांची सवयीची भाषा इथे बाजूला ठेवली जाते. रडणाऱ्या बाळाला काहीतरी अडचण आहे, एवढंच. त्यानंतरच्या तासाला प्रश्न मुलांकडे वळतो: तुम्हाला कधी रडू येतं? तेव्हा कोण जवळ असलेलं हवं असतं? वर्गातलं कुणी रडत असेल तर आपल्याला कसं कळेल? बाळावरून सुरू झालेली गोष्ट शेजारी बसलेल्या मुलापर्यंत येते, आणि तिथून स्वतःपर्यंत. मुलं चित्रं काढतात, गोष्टींची पुस्तकं वाचतात, त्यांतल्या पात्राच्या मनात काय चाललं असेल यावर बोलतात. मोठ्या वर्गांत याच वेळी बाळाला जोरात हलवल्यानं मेंदूला कशी इजा होते, हेही स्पष्ट सांगितलं जातं. उद्या हीच मुलं आईबाप होणार आहेत, हे संस्था विसरत नाही.

स्वभावाची गोष्टही अशीच उलगडते. एखादं बाळ नवं खेळणं पाहताच झेपावतं, एखादं तोंड फिरवून आईला बिलगतं. दोघांतलं कुणी चुकलेलं नसतं, घडणच निराळी. मुलांना ते पटतं, आणि मग वर्गात उशिरा मिसळणारी, मोठ्या आवाजाला दचकणारी मुलगीही त्यांना वेगळ्या नजरेनं दिसू लागते. बाळाच्या लेखी हुशार-ढ, श्रीमंत-गरीब असा भेद नसतो. ज्याच्याशी मधल्या सुट्टीत कुणी खेळत नाही, नेमक्या त्याच्याकडे पाहून बाळ खुदकन हसतं. सगळा वर्ग ते बघत असतो.

या तासाला दाद देण्याचीही एक शिस्त आहे. मुलानं काही सांगितलं की तास घेणारी संस्थेची प्रशिक्षिका 'शाब्बास' म्हणत नाही. सांगितल्याबद्दल आभार मानते. बरोबर उत्तराला बक्षीस मिळू लागलं, की मुलं मनातलं सोडून शिक्षकांना आवडेल ते बोलू लागतात. मायेनं वागण्याची गोडी त्या वागण्यातच लागावी, एवढ्यासाठी हा संयम.

गॉर्डन यांनी आपल्या पुस्तकात आठवीतल्या एका मुलाची हकिकत सांगितली आहे. तो चार वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईचा खून झाला होता. त्यानंतर तो एका घरातून दुसऱ्या घरात सांभाळला गेला. वर्गातल्या इतरांपेक्षा वयानं मोठा, अंगावर गोंदलेलं, चेहरा कठोर. त्या दिवशी आलेल्या आईनं सांगितलं, की आपलं बाळ छातीशी बिलगून राहत नाही, त्याला बाहेर तोंड करूनच राहायला आवडतं. तास संपताना तिनं विचारलं, की बाळाला छातीशी बांधायची झोळी कुणाला घालून पाहायची आहे का. हा मुलगा पुढे झाला. झोळी बांधल्यावर त्यानं बाळाला आत ठेवायला मागितलं. आईनं धीर करून दिलं. बाळ त्याच्या छातीला चिकटलं. तो कोपऱ्यात जाऊन त्याला झुलवत राहिला. परत आल्यावर त्यानं आईला आणि प्रशिक्षिकेला एक प्रश्न विचारला: ज्याच्यावर कधी कुणी प्रेमच केलं नाही, त्याला चांगला बाप होता येईल का? या प्रश्नाचं उत्तर एका तासात मिळत नाही. पण तो विचारायला त्या मुलाला जागा मिळाली, आणि बाळानं त्याच्या कुशीत शिरून उत्तराची सुरुवात करून दिली.

हे सगळं उभं आहे ते स्वयंसेवकांवर. बाळाचं कुटुंब शाळेच्याच परिसरातलं असतं आणि ते वर्षभर विनामोबदला येतं. कधी आई येते, कधी बाबा. बाबांच्या येण्याचं मोल विशेष आहे, कारण पुरुषाला बाळाचं दुपटं बदलताना, त्याला थोपटताना पाहिलेलं नसणारी कित्येक मुलं वर्गात असतात. तास घेणारी प्रशिक्षिका ही वर्गशिक्षिका नसते. संस्था तिला प्रशिक्षण देते आणि वर्षभर मार्गदर्शन करते. निवृत्त शिक्षक, परिचारिका, अग्निशामक दलातले जवान, पोलीस असे अनेक क्षेत्रांतले लोक हे काम करतात. वर्गशिक्षिका त्या वेळी बाजूला बसून आपल्याच मुलांना पाहते, आणि रोज दंगा करणारा मुलगा बाळापुढे किती हळुवार होतो हे तिला दिसतं. त्यानंतरचे तिचे स्वतःचे तासही थोडे बदलतात. वस्तीतली माणसं शाळेत येतात, आणि मुलं पुढे बाजारात, बागेत त्या बाळाला ओळखतात. शाळा आणि मोहल्ला यांच्यात एक नातं तयार होतं.

या कामाचा उपयोग होतो का, हे संस्थेनं बाहेरच्या संशोधकांना तपासू दिलं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या किम्बर्ली शोनर्ट-राइकल यांनी वर्गमित्रांना आणि शिक्षकांना विचारून नोंदी घेतल्या. बाळ आलेल्या वर्गांत आक्रमक वागणं कमी आणि मदतीची वृत्ती जास्त दिसली. कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांतात मोठ्या प्रमाणावर तुलना झाली, तिथेही मारामारी कमी झाल्याचं आढळलं. उत्तर आयर्लंडमध्ये क्वीन्स विद्यापीठानं ७४ प्राथमिक शाळांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षअखेरीस मुलांच्या वागण्यात थोडी सुधारणा होती. पण ३६ महिन्यांनंतर पाहिलं तेव्हा ती उरलेली नव्हती.

हा शेवटचा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यानं काम फोल ठरत नाही. त्याला पुढे काय लागेल ते कळतं. लिपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या वार्नेकन आणि टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की जेमतेम दीड वर्षाची मुलंही, हातात ओझं असलेल्या अनोळखी माणसाला कपाटाचं दार आपणहून उघडून देतात. दया बाहेरून भरावी लागत नाही, ती अंकुरलेलीच असते. मात्र तिला सतत ओल लागते. एका वर्षाचे २७ तास जे रुजवतात ते घरानं, शाळेनं, गावानं पुढची वर्षं शिंपायला हवं.

इथे मला आपल्या अंगणवाड्या दिसतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं तीन ते सहा वर्षांची मुलं, तान्ही बाळं आणि स्तनदा माता यांना एका छताखाली आणलं. महाराष्ट्रात आज लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. वजनाच्या दिवशी बाळ काट्यावर ठेवलं जातं, लसीच्या दिवशी ते रडतं, आई त्याला पदराखाली घेते. आणि चार वर्षांची मुलं तिथेच खाऊची वाट पाहत बसलेली असतात. कॅनडात बाळ वर्गात आणायला एक संस्था उभारावी लागली. आपल्याकडे ते दारात आलेलं आहे. अंगणवाडीच्या ताईंवर नोंदवह्यांचा आणि सर्वेक्षणांचा भार आधीच फार आहे, म्हणून हे काम त्यांच्या माथी मारू नये. गावातली एखादी निवृत्त शिक्षिका, कॉलेजात शिकणारी मुलगी, वेळ असलेले आजोबा यांनी महिन्यातून एकदा पुढे यावं, मुलांना गोल बसवावं आणि विचारावं: हे बाळ का रडलं असेल? मागच्या महिन्यात त्याला काय येत नव्हतं, आणि आता काय येतं? त्याची आई दमली असेल तर आपण काय करू? या प्रश्नांना पैसे लागत नाहीत. पण दर महिन्याला, दर वर्षी, न चुकता ते विचारणारं माणूस लागतं, आणि तसं माणूस व्हायला आपल्यातल्या कुणालाही आजपासून सुरुवात करता येईल.