कल्याणच्या रस्त्यांवर टायर कोणता? रोड बाइक आणि पंक्चर

आज विषय टायरचा, आणि त्यातही पंक्चरचा. कार्यक्रमाआधी ज्या चिठ्ठ्या आल्या त्यातल्या बहुतेकांमध्ये एकच मागणी आहे : पंक्चर होणारच नाही असा टायर सांगा. तसा हवेचा टायर नाही. १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली नळी बसवली, तेव्हापासून आपल्याला आराम मिळाला आणि त्याच्याबरोबर पंक्चरही मिळालं. म्हणून प्रश्न जरा बदलून घेऊ. आपल्या रस्त्यावर टायरमध्ये नेमकं घुसतं काय, आणि ते अडवायला काय लागतं?

कल्याणहून बाहेर पडायचे आपले नेहमीचे रस्ते बघा. पत्रीपुलावरून मानपाडा, काटईमार्गे शिळफाटा. दुर्गाडीवरून भिवंडी. आणि मुरबाडवरून माळशेज. पहिले दोन रस्ते ट्रकचे आहेत. ट्रकच्या रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचं जाळं असतं. टायर फुटला की त्याच्या चिंध्या कडेला येऊन पडतात, आणि त्यातून केसासारख्या बारीक, जेमतेम सेंटिमीटरभर तारा सुटतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. त्यात मेट्रोची, पुलांची कामं. म्हणजे सळया बांधायच्या तारेचे तुकडे, स्क्रू. मुरबाडच्या बाजूला मामला वेगळा. तिथं काच असते, बाभळीचा काटा असतो, आणि घाट चढून ओतूरकडे गेलात की सराटे.

आता टायर कापून बघितला तर काय दिसेल? सगळ्यात आत धाग्यांचं कापड. वर रबर. या दोघांच्या मध्ये एक पट्टा, त्याला ब्रेकर म्हणतात. नायलॉनचा, केवलारचा किंवा व्हेक्ट्रानचा. कॉन्टिनेंटलच्या ग्रँड प्रिक्स ५००० मध्ये व्हेक्ट्रान असतं. गेटरस्किनमध्ये पॉलिएस्टरचा दाट विणीचा पट्टा, शिवाय बाजूच्या भिंतीवर तपकिरी जाळी. ही जाळी खड्ड्याच्या धारदार कडेला टायर घासला तर उपयोगी पडते.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दुकानात ती कोणी सांगत नाही. विणलेला पट्टा काच चांगली अडवतो. काचेला धागा कापावा लागतो, आणि हे धागे कापायला कठीण असतात. पण बारीक तार धागा कापतच नाही. ती दोन धाग्यांच्या मधून सरकते. केवलार आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाचं चाक शिळफाट्याला बसतं ते यामुळे. तारेला अडवायचं तर अंतर लागतं. तार सेंटिमीटरभर, तीही बऱ्याचदा तिरपी शिरते; टायरची जाडीच जास्त असेल तर तिचं टोक ट्यूबपर्यंत पोचत नाही. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये हेच केलंय : आत सुमारे ५ मिलिमीटरचा लवचिक रबराचा थर.

मग सगळ्यांनी तोच घ्यावा का? वजन बघा. २५ मिलिमीटर रुंदीचा ग्रँड प्रिक्स ५००० सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, गेटरस्किन त्याच्याहून थोडा जड, आणि मॅरेथॉन प्लस सहाशेच्या घरात. नुसतं वजन नाही. जाड रबर प्रत्येक फेऱ्यात दबतं, सुटतं, आणि त्यात तुमची ताकद जाते. माळशेजपर्यंत ८० किलोमीटरच्या वर जायचं आणि तेवढंच परत यायचं, तर हे पायांना कळतं.

आमचं मत सांगतो. रोज शिळ रस्त्याने ठाणे किंवा महापेला कामावर जात असाल तर जाड थराचा टायर घ्या, वेग विसरा. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. पंधरा मिनिटांच्या पंक्चरने ती सहसा हुकत नाही. पण रात्री नऊला काटईच्या पुढे, अंधारात, कंटेनर खेटून जात असताना कडेला बसून चाक काढणं, हा वेळेचा प्रश्नच नाही. तो जिवाचा आहे. रविवारी पहाटे मुरबाड-माळशेज करणाऱ्यांना मधला, गेटरस्किनच्या जातीचा टायर पुरतो. आणि एकाच चांगल्या टायरचे पैसे असतील तर तो मागे लावा. मागच्या चाकावर वजन जास्त, आणि पुढच्या चाकाने आडवा पडलेला खिळा उभा केला की तो मागच्यातच शिरतो.

पावसाळ्याचं वेगळं. ओल्या रबरात काच सहज शिरते. पाणी तिथं तेलाचं काम करतं. शिवाय रस्त्यावरचा सगळा कचरा वाहून कडेला येतो, आणि आपण कडेनंच चालवतो. त्यातून फार टिकाऊ म्हणून केलेलं कडक रबर ओल्या काँक्रीटवर पकड कमी देतं. जूनपासून वळणावर जपून.

आता हवा. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर काहीही घुसलेलं नाही. हवा कमी होती, खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. याला कुठलाही ब्रेकर उपाय नाही. साधारण ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७५-८० पीएसआय ठीक आहे. फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली जागा असेल तर २५ ऐवजी २८ घ्याच. जागा आधी मोजा, मग पैसे द्या.

एक प्रश्न आलाय : नवीन ट्यूब टाकली तरी त्याच दिवशी पुन्हा पंक्चर का? तार अजून टायरमध्येच आहे म्हणून. ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघा, टायरवर तीच जागा शोधा, आणि आतून कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवा. बोटाला लागत नाही ती तार कापूस पकडते. भोक रिमच्या बाजूला असेल तर टायरला बोल लावू नका, रिमची पट्टी बदला.

दुसरा प्रश्न, टायरच्या आत वेगळी पट्टी टाकावी का? चालते, पण तिची कड ट्यूबला घासून स्वतःच भोक पाडू शकते. टोकं गोल कापून घ्या. आणि नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरायची असेल तर प्रेस्टा व्हॉल्व्हचा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. त्याच्या कॉम्प्रेसरची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हला बसते, आपल्याला नाही.