हाडातला रॉड, डोळ्यातली लेन्स आणि घरातला कागद

मुंबई-गोवा महामार्ग महाड ओलांडून पोलादपूरला येतो आणि पुढे कशेडीचा डोंगर लागतो. पोलादपुरातूनच दुसरा रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो. या घाटांतले अपघात आणि उतारावरच्या शेतात पाय घसरून मोडलेले खुबे यांमुळे 'पायात रॉड टाकलाय' हे वाक्य इथल्या वाड्यांवर सहज ऐकू येतं. कुणाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग असते, कुणाच्या डोळ्यात लेन्स, एखादीने तांबी बसवलेली असते. अशा ऑपरेशनांचा खर्च उचलणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. तीच योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली. ऑपरेशन बहुतेकदा मुंबईत, पनवेलला किंवा पुण्यात होतं आणि माणूस बरा होऊन गावी येतो. आत बसवलेली वस्तू, म्हणजे इम्प्लांट, अनेकदा आयुष्यभर त्याच्यासोबत राहते. ती कशाची आहे आणि शरीर तिच्याशी कसं वागणार आहे, हे मात्र त्याला फारसं कुणी सांगत नाही.

शरीर गप्प बसत नाही

बाहेरची कोणतीही वस्तू आत गेली की काही क्षणांत रक्तातली प्रथिनं तिच्यावर चिकटतात. मग पांढऱ्या पेशी येतात आणि तिला गिळून संपवू पाहतात. ते जमत नाही, तेव्हा शरीर तिच्याभोवती तंतूंचं पातळ आवरण विणतं आणि तिला वेगळं पाडतं. चांगलं इम्प्लांट म्हणजे ज्याच्याशी शरीराचा हा व्यवहार शांतपणे पार पडतो ते.

धातूपुढे आणखी एक अडचण असते. शरीरातले द्रव खारे असतात. सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं, त्याच्या आसपासच हा खारटपणा. कोकणातल्या पावसात पत्रा गंजतो, तसं साधं लोखंड इथे गंजून जाईल. म्हणून प्लेट, स्क्रू आणि रॉडसाठी ३१६एल हे स्टेनलेस स्टील वापरतात. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. स्क्रू आणि प्लेट एकमेकांवर घासतात तिथे तो थर खरवडला जातो आणि गंज सुरू होऊ शकतो. या स्टीलमध्ये निकेलही असतं. खोट्या दागिन्यांनी कातडीवर पुरळ येत असेल, तर ते ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगावं.

टायटॅनियमची गोष्ट निराळी आहे. १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशांच्या हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर ते निघेना, कारण हाड त्याला घट्ट धरून वाढलं होतं. १९६५मध्ये त्यांनी याच गुणावर पहिल्या रुग्णाच्या जबड्यात दातांसाठी खुंट्या बसवल्या. टायटॅनियम स्टीलपेक्षा लवचीकही असतं, आणि हाडाच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे. फार ताठ धातूने सगळा भार स्वतःच पेलला, तर शेजारचं हाड काम नसल्याने विरळ होत जातं. उलट हाड वेळेत जुळलंच नाही, तर रोजच्या चालण्याचा भार पेलून पेलून धातू थकतो आणि प्लेट तुटते. डॉक्टर इतके आठवडे पाय टेकू नका म्हणतात, त्यामागचं कारण हे आहे. भाताची लावणी तोंडावर आली म्हणून हा सल्ला मोडू नये.

झिजेचा धडा

सांधा बदलतात तिथे खरा प्रश्न झिजेचा असतो. साधं चालतानाही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी खुब्याची वाटी आधी टेफ्लॉनची केली. ती लवकर झिजली आणि तिच्या कणांनी आजूबाजूच्या ऊती सुजवल्या. नोव्हेंबर १९६२पासून त्यांनी एका चिवट प्रकारचं पॉलिएथिलीन वापरलं आणि आजच्या सांधेबदलाचा पाया घातला गेला. पॉलिएथिलीनचेही सूक्ष्म कण सुटतातच. पांढऱ्या पेशी ते गिळतात, त्यांना पचवता येत नाहीत, आणि त्या झगड्यात भोवतालचं हाड पोखरलं जाऊन सांधा सैल होतो.

हे टाळण्यासाठी धातूवर धातू फिरणारे खुबे आले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा एएसआर खुबा त्यांपैकीच. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरू लागलं, ऊती मेल्या, गाठी झाल्या. ऑगस्ट २०१०मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला, तोवर सुमारे ९३,००० रुग्णांना बसवून झाला होता. भारतातली ऑपरेशनं ४,७००च्या आसपास होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांत तक्रार नोंदवली. केंद्राने डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल २०१८मध्ये लोकांसमोर आला. त्यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. सदोष वस्तू माणसांच्या शरीरात होती आणि ती कुणाच्या शरीरात आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही होती, म्हणून तिथे हा दोष आकड्यांत दिसला.

गोळ्या, जंतू आणि तांबं

हृदयाच्या रक्तवाहिनीतली स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, रक्तात उघडा असतो आणि उघड्या धातूवर रक्त गोठू पाहतं. काही महिन्यांत आतलं अस्तर त्याच्यावर चढतं. औषध लावलेल्या स्टेंटवर ते सावकाश चढतं, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्याच लागतात. गोळ्या संपल्या, महाडला जाणं झालं नाही, म्हणून त्या बंद करणं जिवावर बेतू शकतं.

जंतूंनाही इम्प्लांट आवडतं. ते त्याच्यावर चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. त्यामुळे जुन्या ऑपरेशनच्या जागी सूज, ताप किंवा पू दिसला, तर लगेच दाखवावं.

मोतीबिंदूची लेन्स यांत सर्वांत सौम्य. १९४९मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडली यांनी पहिली लेन्स बसवली. लढाऊ वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेल्या पर्स्पेक्सच्या तुकड्यांना डोळा फारसा विरोध करत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. तरी ऑपरेशननंतर राहिलेल्या पेशी पुन्हा वाढून लेन्समागचा पडदा धुरकट करू शकतात आणि तो लेसरने साफ करता येतो. गर्भाशयातल्या तांबीत तर धातूचा शरीराशी होणारा व्यवहार मुद्दाम घडवून आणतात. तांब्याचे आयन शुक्राणूंना निकामी करतात.

कागद जपा

२०१७मध्ये सरकारने स्टेंट आणि कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. २०२०पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. त्रास झाला तर कळवण्यासाठी देशात २०१५पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. पण आपल्या शरीरात कोणत्या कंपनीची, कोणत्या बॅचची वस्तू आहे हे रुग्णालाच ठाऊक नसेल, तर तो काय कळवणार?

इम्प्लांटच्या वेष्टनावर स्टिकर असतो. त्यावर नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक असतो. डिस्चार्ज कार्डावर तो लावून मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. एमआरआयच्या वेळी तोच कागद लागतो, रॉड काढताना डॉक्टरही तोच शोधतात. जुलै २०२१मध्ये सावित्री नदीचं पाणी महाडच्या घराघरांत शिरलं आणि कित्येकांची कागदपत्रं चिखलात गेली. म्हणून त्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि मुंबईतल्या मुलाकडेही पाठवावा.

आणि हा भार एकट्या रुग्णावर नको. महाड आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांनी परत आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या इम्प्लांटची नोंद एका वहीत ठेवली, तर खर्च वहीचा आणि पाच मिनिटांचा आहे. उद्या एखादी वस्तू सदोष निघाली, तर किनेश्वरच्या किंवा उमरठच्या माणसापर्यंत निरोप पोहोचवायला तेवढं पुरेल.