कांद्याला फुकटचं श्रेय

एसटी स्टँडवर कुणाला फिट आली की गर्दीतून हमखास आवाज येतो, "कांदा आणा!" कांदा नसेल तर चप्पल हुंगवतात, नाहीतर मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतात. मिनिटा-दोन मिनिटांत फिट थांबतेही. थांबते, कारण बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपसूकच थांबतात. आपण करायचं एवढंच: टोकदार वस्तू बाजूला सारायच्या, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालू नये. जीभ कुणी गिळत नाही, दात मात्र तुटतात. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी फिट आली, तर १०८ ला फोन.

"ईईजी नॉर्मल आला, म्हणजे अपस्मार नाहीच," हा सुशिक्षितांचा लाडका गैरसमज. नेहमीचा ईईजी जेमतेम अर्ध्या तासाचा. तेवढ्या वेळात मेंदू शांत राहिला तर कागदही शांत दिसतो. अपस्माराचं निदान मुख्यतः हकिकतीवरून होतं. म्हणून न्यूरॉलॉजिस्ट पेशंटपेक्षा सोबतच्या आईलाच खोदून विचारतात: आधी काय हललं? मान कुठे वळली? भानावर यायला किती वेळ लागला? आई म्हणते, "अहो, मी रामरक्षा म्हणत होते, बघतेय कुठली!" अशा वेळी थोरला भाऊ मोबाइल काढतो. चाळीसेक सेकंदांचा हललेला व्हिडिओ, मागे टीव्हीवर मालिका चालू. पण त्यात उजव्या हाताची बोटं आधी उडताना दिसतात, म्हणजे सुरुवात मेंदूच्या डाव्या बाजूला. डॉक्टर तो तुकडा पुन्हा पुन्हा बघतात.

"एकदा गोळी लागली की जन्मभर," असंही नाही. योग्य औषधांनी दहातल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात, आणि दोनेक वर्षं फिटशिवाय गेली तर काहींच्या गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करून बंदही करतात. मनानं एकदम बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं.

खरी हेळसांड होते ती उरलेल्या तिघांची. नीट निवडलेली दोन औषधं पुऱ्या मात्रेत देऊनही फिट येत राहिल्या, तर तिसऱ्या-चौथ्या औषधानं त्या पूर्ण थांबण्याची शक्यता फार कमी असते. तरी चिठ्ठीवर एकेक गोळी वाढत जाते आणि वर्षं निघून जातात. माझ्या मते इथेच फॅमिली डॉक्टरांनी पेशंटला अपस्मारावर खास काम करणाऱ्या केंद्रात धाडावं. तिथे काही दिवस दाखल करून कॅमेरा आणि ईईजी एकत्र चालू ठेवतात, फिट नेमकी कुठून उठते ते शोधतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अशी शोधाशोध करून ऑपरेशनं होतात. "मेंदूचं ऑपरेशन म्हणजे लकवा ठरलेला," ही भीती साहजिक असली तरी वस्तुस्थिती वेगळी आहे. कानशिलामागच्या भागातून उठणाऱ्या अपस्मारावर कॅनडात झालेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑपरेशनच्या गटातल्या ५८ टक्के रुग्णांना वर्षअखेर भान हरपवणाऱ्या फिट नव्हत्या. नुसत्या गोळ्यांच्या गटात हेच प्रमाण ८ टक्के होतं. अर्थात, प्रत्येकाला ऑपरेशन लागू पडत नाही.

आणि लग्न. हिंदू विवाह कायद्यातल्या अटींतून 'अपस्मार' हा शब्द १९९९ सालीच वगळला गेला. लोकांच्या मनातून तो अजून जायचाय. त्यामुळे मुलीचा आजार लपवतात, आणि सासरी कुणाला कळू नये म्हणून ती गोळ्याच सोडते. मग फिट येते, कधी चुलीपाशी, कधी विहिरीवर. "गोळ्या चालू असताना मूल नकोच," हेही तितकंच चुकीचं; अपस्मार असलेल्या बहुतेक बायकांना निरोगी मुलं होतात. पण व्हॅल्प्रोएटसारख्या औषधानं गर्भाला व्यंग येण्याचा धोका वाढतो. त्यामुळे औषध बदलायचं का, फॉलिक अ‍ॅसिड कधी सुरू करायचं, हे दिवस राहण्याच्या कितीतरी आधी ठरवावं लागतं. पहिल्या सोनोग्राफीला गोळ्यांची चिठ्ठी पर्समधून बाहेर निघाली, तर बाळाच्या पाठीचा कणा घडण्याचे दिवस बहुधा उलटून गेलेले असतात.