थम घेईना
सोयाबीनची काढणी ऐन भरात आली, की लातूर-नांदेडकडच्या रेशन दुकानांत रांग रेंगाळते. "थम घेईना मावशी, दुसरं बोट लावा." मावशी बोट पदराला पुसतात, केसांवरून फिरवतात नि पुन्हा दाबतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. ठसा घेणाऱ्या यंत्राचं अर्धं शास्त्र त्या केसांवरून फिरवण्यातच आहे.

रेशन दुकानातल्या या ई-पॉस यंत्राला सहसा ऑप्टिकल स्कॅनर असतो. काचेच्या लोलकात खालून तिरपा प्रकाश सोडलेला असतो. बोटाच्या दोन रेषांमधल्या खाचेत हवा असते, तिथून प्रकाश पुरता परतून कॅमेऱ्यात उजळ दिसतो. रेषेचा उंचवटा काचेला टेकला की तिथला प्रकाश कातडीत शिरून विखुरतो आणि काळी रेघ उमटते. नीट टेकायला थोडा ओलावा, थोडा तेलकटपणा लागतो. कातडी कोरडी असली तर रेघा तुटक येतात. घाम जास्त झाला तर खाचा भरून नुसता काळा डाग. दोन रेषांत अंतर असतं जेमतेम अर्धा मिलिमीटर. इंचाला 500 ठिपके टिपणाऱ्या यंत्राला तेवढ्यात दहाएक ठिपके मिळतात. त्यात सोयाबीनच्या धसकटांनी नि सिमेंटनं रेषाच झिजली, तर ते जुळवणार काय?

मोबाइलच्या बटणातला कपॅसिटिव्ह सेन्सर प्रकाश वापरत नाही. त्यातल्या बारीक विद्युत जाळीला रेषा जवळ आणि खाच लांब असल्याचा फरक कळतो. नुसत्या फोटोला तो फसत नाही, पण कोरड्या बोटावर तोही कुरकुरतो. सॅमसंगनं 2019 मध्ये गॅलॅक्सी एस10 च्या पडद्याखाली बसवलेला अल्ट्रासोनिक सेन्सर ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून ठसा रेखतो. ओलसर बोटाचं त्याला फारसं वावडं नाही. झिजलेली रेषा मात्र त्यालाही नव्यानं काढता येत नाही.

बनावट ठशांनी आधारशी जोडलेल्या खात्यांतले पैसे लंपास होऊ लागले, तशी एल-1 प्रकारची ठसा-यंत्रं आली. बोट जिवंत माणसाचं आहे का हे ती तपासतात आणि ठसा यंत्रातच कुलूपबंद करतात. चोराचा बंदोबस्त झाला, ही सुधारणा चांगलीच. कष्टकऱ्याच्या बोटाची अडचण मात्र तशीच राहिली.

खरं तर या अडचणीवरची तोड आधारच्या नोंदणीतच होती. 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबारच्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला. मोठ्या माणसांची दहा बोटं आणि दोन्ही बुबुळं या नोंदणीत घेतली जातात. बुबुळ धसकटानं झिजत नाही. रेशनच्या ई-केवायसीला आता चेहराही चालतो. तरी काउंटरवर आधी मागतात तो अंगठाच.