घड्याळाचं खरं वय झाकणाखाली

जव्हार-मोखाड्याच्या जुन्या घरांत, ट्रंकेच्या तळाशी कागदपत्रांच्या गठ्ठ्यात कधी कधी चावीचं एखादं मनगटी घड्याळ निघतं. कुणाचं, असं विचारलं की आजोबांचं. किती जुनं, असं विचारलं की ‘शंभर वर्षांचं तरी असेल’. हे शंभर बहुधा खरं नसतं. पण खरं वय काढता येतं, आणि त्यासाठी लागतं ते साधं भिंग, चांगला उजेड आणि माहितगार घड्याळजी.

सुरुवातीलाच सांगायला हवं की डायलवर भिस्त ठेवू नये. डायल रंगवणं सोपं असतं. मुंबईच्या बाजारात जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेली भडक डायल चढवून इतकी घड्याळं विकली गेली, की परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भिंगातून पाहिलं की लबाडी दिसते. अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात, मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर नसतात, सेकंदाच्या छोट्या वर्तुळाचा मध्य आणि काट्याची खुंटी जुळत नाही.

वय काढायचं ते दोन हद्दी ठरवून. याच्या आधीचं असू शकत नाही ही एक हद्द, याच्या नंतरचं असू शकत नाही ही दुसरी. एचएमटीचं घड्याळ घ्या. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूचा हा कारखाना 1961 मध्ये सुरू झाला. म्हणजे कुठलीही ‘जनता’ किंवा ‘पायलट’ त्याआधीची नाही. आता झाकण उलटा. निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला किंवा तलाठ्याला घड्याळ देताना झाकणावर मजकूर कोरून घेण्याची पद्धत होती. त्यात ‘ता. जव्हार, जि. ठाणे’ असेल तर ते कोरकाम बहुधा 1 ऑगस्ट 2014 च्या आधीचं, कारण त्या दिवशी पालघर जिल्हा झाला. ‘जव्हार संस्थान’ असेल तर 1948 च्या विलीनीकरणाआधीचं. आणि एचएमटीच्या झाकणावर संस्थानचं नाव दिसलं, तर कुणीतरी फसवतंय हे नक्की!

संस्थानी काळातलं घड्याळ असेल तर ते स्विस असण्याची शक्यता मोठी. फावर-ल्युबा आणि वेस्ट एंड या दोन्ही नावांचा मुंबईशी एकोणिसाव्या शतकापासून संबंध. अशा मशीनवर बॅलन्स चाकाच्या मधोमध पाहा. तिथल्या माणकावर वीणेच्या आकाराची इवलीशी सोनेरी स्प्रिंग बसवलेली दिसली तर ती ‘इन्काब्लॉक’. घड्याळ पडलं की ही स्प्रिंग दबते, माणिक किंचित सरकतं आणि चाकाचा केसासारखा बारीक आस मोडत नाही. ही रचना 1930 च्या दशकातली, त्यामुळे ती असलेलं मशीन त्याआधीचं नाही. जपानी सेको असेल तर काम आणखी सोपं. झाकणावरच्या अनुक्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो, दुसरी खूण महिन्याची. ‘7N’ म्हणजे सातने संपणाऱ्या वर्षाचा नोव्हेंबर. ते 1967 की 1977, हे मशीनच्या क्रमांकावरून कळतं.

गंजावरून मात्र वय ठरवू नका. जव्हारच्या पावसात चार महिने हवा ओली असते. चावीच्या दांड्यातून दमट हवा आत शिरते आणि पोलाद गंजतं. एका पावसाळ्यात भिजलेलं घड्याळ जपून ठेवलेल्या दुप्पट जुन्या घड्याळापेक्षा म्हातारं दिसतं.

काट्यांवर आणि आकड्यांवर तपकिरी पडलेली पुटं दिसली तर जरा थांबा. जुन्या घड्याळांत अंधारात चमकण्यासाठी रेडियम आणि झिंक सल्फाइड यांचं मिश्रण लावत. रेडियमच्या माऱ्याने झिंक सल्फाइडचे स्फटिक काही वर्षांतच निकामी होतात आणि चमक जाते. पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षांचं, म्हणजे किरणोत्सर्ग जवळजवळ तेवढाच राहतो. 1960 च्या दशकात त्याची जागा ट्रिटियमने घेतली. त्याचं अर्धायुष्य साडेबारा वर्षांच्या आतलं, आणि अशा अनेक स्विस डायलवर तळाशी ‘T’ अक्षर असतं. म्हणून डायल मूळची असेल तर विझलेली चमकही काळ सांगते.

रेडियमचं असं घड्याळ घरी उघडू नका, काटे खरवडू नका. काचेमागे असताना धोका थोडा असतो, भुकटी श्वासात गेली तर मोठा. आणि घड्याळ कुठलंही असो, डायल रंगवून घेऊ नका, झाकण घासून चकचकीत करू नका. कोरलेली अक्षरं आणि आतल्या बाजूला जुन्या घड्याळजींनी टोचणीने ओरखडलेल्या दुरुस्तीच्या खुणा हाच त्याचा दाखला असतो. घरातलं कुणी सांगू शकत असेल तोवर ते कुणाचं, कधी आणि कुठून आलं, हे कागदावर लिहून त्याच डबीत ठेवा.